ॲक्सोलॉटलच्या पिल्लांचा तात्पुरता मुक्काम

या वेळची बहुतेक पत्रं ॲक्सोलॉटलच्या पिल्लांबद्दलची आहेत. ॲक्सोलॉटल म्हणजे बेडकासारखाच उभयचर, पण आयुष्यभर कल्ले बाळगून पाण्यातच राहणारा मेक्सिकोतला प्राणी. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा देते आहे, कारण तीच अडचण आणखी तीन-चार जणांनी कळवली आहे: पिल्लं घरी आली आणि टाकी अजून तयार नाही.

प्रश्न : ताई, एका परिचितांकडून मला ॲक्सोलॉटलची चार पिल्लं मिळाली. लांबी पाच ते सहा सेंटीमीटर. मोठी टाकी कालच भरून फिल्टर सुरू केला, पण टाकी ‘सायकल’ व्हायला, म्हणजे फिल्टरमध्ये घाण पचवणारे जिवाणू वाढायला, कित्येक आठवडे लागतात हे आता कळलं. तोपर्यंत चौघांना एका प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवलंय. टबला छोटा फिल्टर लावू का? आणि आज सकाळी एकाच्या पुढच्या पायाचा पंजा दिसत नाहीये. काय झालं असेल?

उत्तर : पंजा भावंडानं खाल्लाय. घाबरू नका, तो परत येईल. त्याबद्दल खाली एका लहान वाचकाला सविस्तर लिहिलं आहे. पण आज रात्रीच्या आत चौघांना वेगवेगळं करा. या प्राण्यांची नजर अधू असते. तोंडासमोर काही हललं की जबडा उघडायचा आणि पाण्यासकट ते आत ओढायचं, ही त्यांची खायची रीत. हलणारी वस्तू गांडूळ आहे की भावाचा पाय, याचा विचार आधी होत नाही. साधारण दोन सेंटीमीटरपासून सात-आठ सेंटीमीटरपर्यंत चावाचावी सर्वांत जास्त होते, आणि चौघांत एखादं जरी थोराड असलं तरी बाकीच्यांचे पाय आणि कल्ले धोक्यात येतात. पोटभर खायला घातलं की ती कमी होते, पण थांबत नाही.

म्हणून चार पिल्लांना चार टब. अन्नपदार्थ साठवायला वापरतात तशा प्लास्टिकचे, चार-पाच लिटर पाणी मावेल असे. उंचीपेक्षा तळ पसरट असलेला टब घ्या. पिल्लू तळाशीच चालतं-फिरतं, त्याला खोलीचा फारसा उपयोग नाही. पाणी दहा-बारा सेंटीमीटर खोल पुरे. टब नवीन असला तरी साबण लावू नका. उभयचरांची कातडी पाण्यातलं सगळं शोषून घेते, आणि साबणाचा अंश कितीही धुतला तरी राहतो. गरम पाण्यानं दोन-तीनदा खळखळून घ्या, बस. झाकण हवंच. ही पिल्लं उडी मारतात, आणि बहुतेक वेळा रात्री, आपण झोपलेले असताना. झाकणाला भरपूर भोकं पाडा किंवा वरून जाळी ताणून बांधा.

आता फिल्टरचं. तो लावू नका.

फिल्टर म्हणजे आतल्या स्पंजवर किंवा दगडांवर वाढलेले जिवाणू. पिल्लाच्या कल्ल्यांतून, लघवीतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया पाण्यात येतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो, नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. नायट्रेट त्या मानानं सौम्य. तुमच्या टबमधल्या नव्या फिल्टरवर हे जिवाणू नाहीतच. तो नुसतं पाणी ढवळत राहील. पाच लिटर पाण्यात तेवढा प्रवाहही पिल्लाला फार होतो. कल्ल्यांचे तुरे पुढच्या बाजूला वळलेले आणि शेपटीचं टोक आकड्यासारखं मुडपलेलं दिसलं, तर पिल्लू वैतागलं आहे असं समजा. हवेचा पंप लावून बुडबुड्यांचा झोत सोडला तरी असंच होतं.

टबमध्ये फिल्टरचं काम तुमच्या हातांनी व्हायचं आहे. दर चोवीस तासांनी सगळं पाणी बदलायचं. सगळं म्हणजे शंभर टक्के. इथं बरेच जण काटकसर करतात आणि रोज निम्मं पाणी बदलतात, म्हणून थोडा हिशेब मांडते. समजा पिल्लू दिवसभरात एक भाग अमोनिया सोडतं. सगळं पाणी बदललं तर रोज सकाळी तो शून्यावर येतो आणि दुसऱ्या सकाळपर्यंत एकवर जातो. निम्मंच बदललं तर पहिल्या दिवशी अर्धा भाग मागे राहतो, त्यात दुसऱ्या दिवशीचा एक मिळून दीड, त्याचं निम्मं पाऊण, त्यात आणखी एक. आठवडाभरात रोज सकाळी जवळपास दोन भाग साचलेले असतात आणि पाणी बदलल्यावरही एक भाग उरतोच. म्हणजे तुमचं ‘ताजं’ पाणी पूर्ण बदलणाऱ्याच्या शिळ्या पाण्याइतकं घाण.

रोज चार-पाच लिटरचे चार टब बदलायचे म्हणजे कंबर मोडते, असं वाटेल. एकाच वेळी पाणी काढून भरण्यापेक्षा एक टब जास्तीचा ठेवा. रात्री त्यात पाणी भरून, क्लोरीननाशकाचे थेंब घालून, तो इतर टबांच्या शेजारीच ठेवून द्या. सकाळपर्यंत सगळ्यांचं तापमान एकच झालेलं असतं. पहिलं पिल्लू त्यात हलवा, त्याचा रिकामा टब गरम पाण्यानं धुवा, गार होऊ द्या, मग बादलीतलं तयार पाणी त्यात भरा आणि दुसरं पिल्लू हलवा. असं करत शेवटी एक टब रिकामा उरतो, तो उद्यासाठी. बादलीही त्याच खोलीत रात्रभर असायला हवी. पिल्लू जिथून उचलता आणि जिथं सोडता त्या दोन्ही पाण्यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

हलवायला जाळी वापरू नका. जाळीच्या धाग्यांत ती इवली बोटं आणि कल्ल्यांची पिसं अडकतात. रुंद तोंडाचा कप पाण्यात आडवा बुडवा, पिल्लाच्या तोंडासमोर धरा आणि दुसऱ्या हाताचं बोट शेपटीमागे हळूच आणा. ते स्वतःच कपात शिरतं. मग कप पाण्यासकट उचला. या वयात पिल्लू पाण्याबाहेर काढायची गरज कधीच पडत नाही, आणि पडूही देऊ नये.

क्लोरीननाशकाबद्दल. नळाच्या पाण्यात नुसतं क्लोरीन असेल तर ते उघड्या बादलीत चोवीस तासांत बरंचसं उडून जातं. पण अनेक ठिकाणी आता क्लोरामाइन वापरतात, आणि ते असं उडत नाही. आपल्या पाण्यात काय आहे याची खात्री नसेल तर थेंब घालाच. बाटलीवरचे घटक मात्र वाचा. माशांच्या अंगावरचा चिकट थर जपण्यासाठी काही द्रावणांत कोरफड घालतात, ती ॲक्सोलॉटलला नको.

टबमध्ये वस्तू कमीत कमी. लपायला एक जागा मात्र द्या, कारण यांना पापण्या नसतात आणि उजेड टाळायला सावलीत जाण्यावाचून दुसरा मार्ग नाही. आडवा ठेवलेला कप चालतो, कडा घासून गुळगुळीत केलेला पाइपचा तुकडा चालतो. तळाशी काही पसरू नका. मोकळ्या तळावर घाण लगेच दिसते आणि तुम्हाला ती दिसायलाच हवी.

खाणं रोज, आणि तेही संध्याकाळी. पाच-सहा सेंटीमीटरच्या पिल्लाला बारीक चिरलेलं गांडूळ, गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) किंवा जिवंत डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव). तुकडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. गांडूळ कीटकनाशक न मारलेल्या मातीतलं हवं, आणि चिरल्यावर ते धुवून घ्या. कंपोस्टच्या खड्ड्यातली लाल, वळवळी गांडुळं अनेक पिल्लं तोंडात घेऊन थुंकतात. त्यांच्या अंगातून कडवट रस निघतो. पिल्लू हट्टी आहे असं समजून त्याला उपाशी ठेवू नका, गांडूळ बदला. खाऊन झाल्यावर अर्ध्या तासानं मोठ्या ड्रॉपरनं उरलेले तुकडे ओढून काढा. पोट भरल्यावर लगेच पिल्लू हलवलं तर खाल्लेलं बाहेर येतं, म्हणून खाणं संध्याकाळी आणि पाणी बदलणं सकाळी, हा क्रम मी सहसा मोडत नाही. विष्ठा दिसली की मात्र वेळ बघायची नाही, लगेच ड्रॉपर.

इकडे मोठ्या टाकीचं काम चालू ठेवा. तिच्यात पिल्लं नाहीत, तोवर तुम्हाला एक मोठी सवलत आहे: पाणी गरम ठेवता येतं. हे जिवाणू २६-२८ अंशांना झपाट्यानं वाढतात आणि १८ अंशांना रेंगाळतात. हीटर लावा, अमोनियाचं द्रावण घालून पातळी २ पीपीएमवर (लिटरमागे २ मिलिग्रॅम) आणा आणि थेंबांच्या टेस्ट किटनं मोजत राहा. आधी अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल, मग नायट्राइट उतरेल आणि नायट्रेट चढेल. हे सगळं चार ते आठ आठवडे चालतं. मध्येच काहीच हलेनासं झालं तर पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे याचं माप) तपासा. तो साडेसहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. ओळखीतल्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि ओला असतानाच तुमच्या फिल्टरमध्ये घाला. त्यानं आठवडे वाचतात. बाटलीतल्या कुठल्याही जिवाणूंपेक्षा माझा या तुकड्यावर जास्त विश्वास आहे.

२ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं, की टाकी तयार. मग हीटर काढा, नायट्रेट २०च्या खाली येईपर्यंत पाणी बदला, टाकी १६ ते १८ अंशांवर आणून ठेवा. पिल्लं त्यानंतर.

आणखी एक सांगायला हवं. पूर्ण वाढलेला ॲक्सोलॉटल वीस ते पंचवीस सेंटीमीटरचा होतो, कधी तीसचाही. एकाला किमान ७५ लिटर पाणी आणि भरपूर लांबीचा तळ लागतो. चार जणांची टाकी आणि त्यांची घाण झेपेल का, याचा विचार आत्ताच करा. दोन पिल्लांना चांगलं घर शोधून देणं यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : टबमधलं पाणी दुपारी २५ अंशांवर जातं. बर्फाचे खडे टाकले की उतरतं, पण तासाभरात पुन्हा चढतं. बर्फ वाढवू का?

उत्तर : बर्फ टबमध्ये अजिबात नको. चार-पाच लिटर पाणी लगेच तापतं आणि लगेच गारठतं. बर्फानं ते वीसवर येतं, पुन्हा पंचविसावर चढतं, पुन्हा उतरतं. पिल्लाला असा झोका एकसारख्या बावीस अंशांपेक्षा जास्त त्रास देतो. शिवाय नळाच्या पाण्याच्या बर्फात क्लोरीनही येतं.

टब एका मोठ्या घमेल्यात किंवा पसरट पिंपात ठेवा आणि बाहेरच्या भांड्यात टबमधल्या पाण्याच्या पातळीपर्यंत पाणी भरा. आता थंड करायचं ते बाहेरचं पाणी. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यात सोडा, एक वितळत आली की दुसरी. बाहेर पंधरा-वीस लिटर पाणी असलं की तापमान सावकाश उतरतं आणि बराच वेळ टिकतं. चारही टब एकाच मोठ्या भांड्यात मावले तर फारच सोयीचं. टब हलका असेल तर तरंगून कलंडेल, म्हणून खाली आणि बाजूला टेकण द्या.

त्याच्या आधी जागा बदलून बघा. घरातली सर्वांत गार जागा बहुधा जमिनीवर, आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब असते. पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊ दिला तर बाष्पीभवनानंच दोन-तीन अंश उतरतात. हवा कोरडी असेल तर याचा उपयोग जास्त, दमट असेल तर कमी.

तुम्ही एवढी धडपड करता आहात ते योग्यच आहे. १६ ते १८ उत्तम, २०पर्यंत ठीक, २२च्या पुढे काळजी. पाणी तापलं की पिल्लाच्या शरीराचे सगळे व्यवहार जलद होतात आणि त्याला जास्त प्राणवायू लागतो. आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. १८ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २५ अंशांना सव्वाआठच्या आसपास. अमोनियाचंही तसंच. पाण्यातल्या अमोनियाचा काही भाग निरुपद्रवी रूपात असतो आणि काही विषारी. तापमान आणि पीएच वाढले की विषारी भाग वाढतो. २० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो, पीएच ८ झाला की जवळजवळ चार टक्के. म्हणून उन्हाळ्याच्या दिवसांत मी पिल्लांचं पाणी सकाळ-संध्याकाळ दोनदा बदलते आणि खाणं थोडं कमी करते.

प्रश्न : माझ्या ॲक्सोलॉटलचा पाय तुटला. तो परत येणार असं बाबा म्हणतात. खरंच येतो का? किती दिवसांत? मी सहावीत आहे.

उत्तर : बाबा बरोबर सांगतात. पाय परत येतो, आणि तो पूर्ण येतो: हाड, स्नायू, नसा, बोटं सगळं. तुझं पिल्लू लहान आहे, म्हणून लवकर येईल. तुला एक-दोन महिन्यांत छान बदल दिसेल. मोठ्या प्राण्याला जास्त वेळ लागतो.

रोज त्याच वेळी, टॉर्चचा उजेड थेट न पाडता, टबच्या बाजूनं बघ. आधी जखमेवर कातडीचा पातळ पडदा येतो. मग तिथं एक लहान, फिकट गोळा दिसू लागतो. त्याला ब्लास्टेमा म्हणतात. त्यातल्या पेशी पुढे नवा पाय घडवतात. काही दिवसांनी गोळा चपटा होतो, वल्ह्याच्या पात्यासारखा, आणि मग त्या पात्यात बोटांच्या खाचा पडतात. पुढच्या पायाला चार बोटं असतात, मागच्याला पाच. मोजून बघ आणि वहीत चित्र काढून ठेव. तारीख टाकायला विसरू नकोस.

हे कसं होतं याचा अभ्यास जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे. २०१८मध्ये शास्त्रज्ञांनी ॲक्सोलॉटलचा जनुकसंच पूर्ण वाचला. त्यात सुमारे ३२ अब्ज अक्षरं निघाली, माणसाच्या जवळजवळ दहापट. तू पुढे यात शिकलीस तर तुला करायला खूप काम शिल्लक असेल.

तुझं काम आत्ता एवढंच: त्याला एकटं ठेव, पाणी गार आणि स्वच्छ ठेव, आणि जखमेला हात लावू नकोस. मलम वगैरे काही लावायचं नाही.

प्रश्न : टब उघडा-बोडका दिसतो म्हणून तळाशी रंगीत खडी घातली तर चालेल का?

उत्तर : नाही. पिल्लू अन्नासोबत खडी आत ओढतं, ती आतड्यात अडकते आणि त्यात ते मरू शकतं. मोठ्या टाकीतही खडी नको. पिल्लू पंधरा सेंटीमीटरच्या आसपास झालं की अगदी बारीक, एक मिलिमीटरच्या आतली वाळू घालता येते. ती पोटात गेली तरी बाहेर पडते. दगड ठेवायचेच असतील तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे ठेवा. टब उघडा दिसतो हे खरं, पण तिथं त्याचा मुक्काम काही आठवड्यांचा आहे.

प्रश्न : टबमध्ये पाणी उथळ ठेवलं तर ॲक्सोलॉटल कल्ले गमावून जमिनीवर येतो, असं ऐकलं. खरं का? मला तसं व्हायला नकोय.

उत्तर : तुमच्या टबमधल्या दहा-बारा सेंटीमीटर पाण्यानं असं काही होत नाही. निर्धास्त राहा.

ही समजूत जुनी आहे आणि तिच्यामागे खरी घटना आहे. १८६४मध्ये मेक्सिकोहून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले गेले. त्यांतले काही ओग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले. तिथं त्यांना पिल्लं झाली, आणि पुढे त्यांतल्या काही पिल्लांचे कल्ले आणि शेपटीवरचा पडदा नाहीसा होऊन ती जमिनीवरच्या सॅलमँडरसारखी (सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचरासारखी) दिसू लागली. पाण्यातला आणि जमिनीवरचा, असे दोन्ही प्राणी एकच आहेत हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं. त्यानंतर पाणी कमी करून हा बदल घडवायचे प्रयोग बऱ्याच जणांनी केले. आता आपल्याला माहीत आहे की हा बदल थायरॉइडच्या संप्रेरकामुळे होतो. ॲक्सोलॉटलच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही, म्हणून तो आयुष्यभर कल्ले बाळगतो आणि तसाच प्रजननही करतो. क्वचित एखादा आपोआप बदलतो, पण ते फार विरळ.

मुद्दाम बदलायचा प्रयत्न मात्र कुणी करू नये. त्यात प्राण्याचे हाल होतात आणि नंतरचं आयुष्यही बहुधा तोकडं असतं.

पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन पिल्लू हवा गिळताना दिसलं तरी तो जमिनीवर येण्याचा प्रयत्न नसतो. कल्ले आणि कातडी यांच्याबरोबर त्याला फुप्फुसंही असतात. मधूनमधून हवा घेणं स्वाभाविक आहे. सारखं वर येऊ लागलं तर पाणी तापलंय का, शिळं झालंय का, ते बघा.

प्रश्न : एका पिल्लाच्या कल्ल्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय. मिठाच्या पाण्यात बुडवा असं कुणी सांगितलं.

उत्तर : ती बुरशी आहे. बहुतेक वेळा ती चावलेल्या जागेवर किंवा अमोनियानं भाजलेल्या कल्ल्यावर धरते, म्हणून आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य नसेल तर दुखण्याचं मूळ तिथं आहे आणि मिठानं ते जाणार नाही.

मिठाच्या पाण्याची आंघोळ मोठ्या प्राण्यांना देतात, तीही मोजून दहा मिनिटं. पण मीठ कातडीला आणि कल्ल्यांना झोंबतं. सहा-सात सेंटीमीटरच्या पिल्लाला ते स्वतःच्या अंदाजानं देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी दिवसातून दोनदा पूर्ण बदला, तापमान १६-१७ अंशांवर आणा. एवढ्यानं लहानसा पुंजका बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत गळून पडतो. चिमट्यानं ओढून काढू नका, खालचा कल्ला सोलवटतो. पुंजका वाढत चालला, पिल्लानं खाणं सोडलं किंवा ते तरंगू लागलं, तर उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना त्याच दिवशी दाखवा. नेताना पिल्लू झाकणाच्या डब्यात त्याच्या नेहमीच्याच गार पाण्यात न्या, आणि पाण्याचे आकडे कागदावर लिहून सोबत ठेवा. ते विचारले जातील.

प्रश्न : अंडी दिली आणि ती सगळीच फुटली! शेकडो पिल्लं आहेत. खायला काय देऊ? आणि एवढी सांभाळणं जमणार नाही, काही जवळच्या तळ्यात सोडली तर?

उत्तर : तळ्यात एकही सोडू नका. तिथल्या उन्हानं किंवा माशांनी ती बहुधा मरतीलच, पण तगली तर तिथल्या बेडकांची पिल्लं आणि किडे फस्त करतील, आणि सोबतचे रोग पसरतील ते वेगळेच. ॲक्सोलॉटल मूळचा जिथला, त्या मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत तो आज नामशेष होण्याच्या कडेला आहे. त्याच्या कारणांत पाण्याच्या प्रदूषणाबरोबर माणसानं बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासेही आहेत. ते त्याची अंडी आणि पिल्लं खातात. ज्या कारणानं हा प्राणी स्वतःच्या घरातून संपत चालला, तेच आपण त्याच्या हातून दुसऱ्या तळ्यात घडवायचं, हे मला सहन होत नाही.

पुढच्या वेळी अंडी दिसली की पहिल्या दिवशीच, गर्भ दिसू लागण्याआधी, जेवढी सांभाळता येतील तेवढीच ठेवा आणि बाकीची गोठवून टाका. कठोर वाटेल, पण दहा पिल्लं नीट वाढवणं हेही मोठं काम आहे. आत्ता जन्मलेल्यांसाठी प्राणी पाळणाऱ्यांशी, शाळा-महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांशी लगेच बोलणं सुरू करा.

खाण्याचं असं: पहिले दोन-तीन दिवस ती अंगातल्या बलकावर निभावतात. त्यानंतर त्यांना फक्त जिवंत आणि हलणारं अन्न कळतं. ताजे फुटलेले ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले चिमुकले, कोळंबीसारखे जीव) सर्वांत चांगले. त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात, २६-२८ अंशांना, हवा सोडत ठेवली की साधारण एका दिवसात फुटतात. बारीक कापडावर गाळा, गोड्या पाण्यानं धुवा आणि मग द्या. टबमधल्या गोड्या पाण्यात ते काही तासांत मरतात आणि पाणी नासवतात, म्हणून थोडे-थोडे, दिवसातून दोनदा. पिल्लांचं पोट नारिंगी दिसलं की ती जेवली. पुढचे पाय आधी फुटतात, मागचे नंतर. दोन सेंटीमीटरची झाली की वेगळी करायला लागा. सुरुवातीला प्रत्येकी पाव लिटरचा कपही पुरतो, आणि त्याचं पाणीही रोज पूर्ण बदलायचं.

प्रश्न : टाकी तयार झाली, आकडे बरोबर आहेत. दोन महिने टबमध्ये वाढलेलं पिल्लू आता एकदम मोठ्या टाकीत सोडायचं का?

उत्तर : आकडे सलग दोन दिवस बरोबर आले असतील तर सोडा, उशीर करू नका. दहा सेंटीमीटरच्या पुढच्या पिल्लाला तो टब अपुरा पडू लागतो.

आदल्या संध्याकाळी खायला देऊ नका. सकाळी पिल्लू नेहमीच्या कपात घ्या, कप टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवा आणि दर दहा मिनिटांनी त्यात टाकीतलं थोडं पाणी घाला. अर्ध्या-पाऊण तासानं कप बुडवून आडवा करा आणि त्याला आपणहून बाहेर पडू द्या. दिवा बंद ठेवा. फिल्टरचा झोत टाकीच्या भिंतीकडे वळवा किंवा त्यापुढे स्पंज लावा. टबमधला लपायचा कप टाकीतही ठेवा, पहिले काही दिवस पिल्लू त्यातच राहील. एक-दोन दिवस खाल्लं नाही तरी चालतं.

एकाहून जास्त पिल्लं असतील तर एकाच दिवशी सगळी सोडू नका. टाकीतले जिवाणू वाढत्या घाणीला सरावायला वेळ घेतात. एक सोडा, आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा, मग दुसरं. एकत्र ठेवायची पिल्लं सारख्याच लांबीची हवीत. आणि पहिला आठवडा टब धुवून, कोरडा करून हाताशीच ठेवा. किटमध्ये अमोनिया दिसला तर त्याच संध्याकाळी पिल्लू परत टबमध्ये आणा.